जुन्या पेट्रोल एसयूव्हीचा ऑक्सिजन सेन्सर घरी बदलता येतो का?

येतो की. पण तुमचा प्रश्न वाचून मला वाटतंय, कदाचित बदलायची वेळच यायची नाही.

तुम्ही लिहिलंय : गाडी २००८ ची, चार सिलिंडर पेट्रोल, चेक इंजिनचा दिवा जात नाही, स्कॅनरवर पी०१३५ हा बिघाडाचा कोड आला, आणि गॅरेजवाले म्हणतात दोन्ही सेन्सर टाकून घ्या. प्लग आणि एअर फिल्टर तुम्ही स्वतः बदलता. एवढा हात असेल तर हे काम जमेल. फक्त दोन्ही सेन्सर आत्ताच घेऊ नका.

पी०१३५ म्हणजे बँक १ (पहिल्या सिलिंडरची बाजू), सेन्सर १ (धुराच्या वाटेवरचा पहिला, म्हणजे पुढचा) याचं हीटर सर्किट. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, पण साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय कामाला लागत नाही. धुराच्या उष्णतेची वाट बघत बसायला नको, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. कोड त्या हीटरच्या सर्किटची तक्रार करतोय. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, वायर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. आपण खरेदीला मात्र शेवटून सुरुवात करतो.

मीही तेच केलं होतं. माझ्याकडे पी०१४१ आला होता, म्हणजे सेन्सर २, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) मागचा. मी घाईत पुढचा आणला, कारण तो बॉनेट उघडलं की समोर दिसतो. मे महिन्यात, सोलापुरात होटगी रोडला घरासमोर, अंगाखाली जुनी चादर अंथरून तीन तास खटपट केली. दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला निघालो तर वळसंगच्या अलीकडेच दिवा परत हजर. मग गाडीखाली नीट बघितलं. मागच्या सेन्सरची वायर क्लिपमधून निसटून हीट शील्डवर (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर) टेकली होती. वरचं प्लास्टिक वितळून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. तुकडा जोडला, वरून उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली, कोड पुसला. तो महागाचा पुढचा सेन्सर अजून गाडीत आहे, चांगला चालतोय. गरज नव्हती, एवढंच.

म्हणून आधी फ्यूज बघा. मग सेन्सरचा कपलर सोडा. चार वायरी असतील तर त्यातल्या दोन एकाच रंगाच्या असतात, बहुतेक पांढऱ्या किंवा काळ्या. त्या हीटरच्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरकडच्या बाजूने त्या दोन पिना मोजा. थंड सेन्सरला काही ओहम ते दहा-पंधरा ओहम असं काहीतरी दिसलं तर हीटर जिवंत आहे. मीटर सर्किट तुटलेलं (ओएल) दाखवत असेल तर हीटर तुटलाय, सेन्सर घ्या. हीटर ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरमध्ये बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर दोष मागे कुठेतरी आहे, आणि बॉनेटखाली उंदरांचा वावर असेल तर कुठे ते मी सांगायला नको.

सेन्सर घ्यायचाच झाला तर जुन्यावर कोरलेला नंबर वाचून तोच मागा. बऱ्याच जपानी गाड्यांत पुढचा सेन्सर साधा नसून एअर-फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) सेन्सर असतो. दिसायला सारखाच, आटेही तेच, पण त्याच्या जागी साधा बसवला तर इंजिनच्या कंप्युटरला काही कळत नाही. वायर कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' प्रकार मिळतो. मी तो टाळतो. तोच मिळाला तर जोड क्रिंप (पक्कडीने दाबून पक्का) करा, सोल्डर करू नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच घेतात, आणि सोल्डरने ती वाट बुजते.

आता खरी कुस्ती : जुना काढणं. पंधराहून जास्त वर्षं लाल होईस्तोवर तापून गार झालेला लोखंडी आटा आहे तो. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. मग दहा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि हात पोळणार नाही इतकी कोमट होऊ द्या. मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर बाहेर आणणारा पाइप) कोमट असताना आटा लवकर सुटतो. गरम असताना हात घालाल तर कातडी तिथेच राहील, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळ्यात उशिरा गार होतो हे लक्षात ठेवा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

पाना बावीस नंबरचा. बाजूला वायरीसाठी खाच असलेली सेन्सरची गोटी (सॉकेट) मिळते, पण जाम झालेल्या सेन्सरवर ती खाचेतून फाकते आणि सेन्सरचे कोपरे गोल करते. जुना टाकूनच द्यायचाय ना? मग वायर कापून टाका आणि सरळ बावीसचा रिंग पाना किंवा लांब गोटी चढवा, मागे पाइप लावून. झटका देऊ नका. हळूहळू वजन टाकत जा. 'टक्' असा आवाज येऊन सुटला की तसाच पुढे फिरवत नेऊ नका. पाव फेरा उलटा, परत थोडा आवळा, तेल, परत उलटा. फिरवताना करकर आवाज येत असेल तर आटे सोलले जातायत, थांबा. मी माझा काढला तेव्हा प्रत्येक फेऱ्याला तांबूस पावडर गळत होती आणि शेजारचे काका वरून विचारत होते, "मिस्त्री बोलवू का ओ?"

नवीन बसवणं पाच मिनिटांचं. आट्यांवर कंपनीची करडी पेस्ट लावलेली असतेच. नसेल तर निकेलवाली अँटी-सीझ पेस्ट अगदी थोडी, फक्त आट्यांना लावा. टोकाला पेस्ट नको, तेलाचा स्प्रे नको, आणि जवळपास कुठे सिलिकॉन सीलंट वापरू नका. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर कायमचा मरतो. सगळे आटे बोटांनी बसवा, शेवटी पाना. टॉर्क रेंच असेल तर साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. वायर जुन्या क्लिपमध्येच अडकवा, माझी गोष्ट आठवून.

कोड पुसा आणि शक्य असेल तर एक साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये बसणारा) घेऊन मोबाइलवर आकडे बघा. पुढचा साधा सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली करतो. मागचा बहुतेक ०.६-०.७ च्या आसपास शांत असतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर त्याचा दोष नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपत आलाय. तिथे पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) हा कोड येतो आणि बिचारा मागचा सेन्सर फुकट बदलला जातो. तुमच्या गाडीच्या बाबतीत हे शक्य आहे. एप्रिल २०१० मध्ये कमी गंधकाचं बीएस-४ पेट्रोल देशातल्या ज्या मोजक्या शहरांना मिळालं त्यात आपलं सोलापूर होतं, पण त्याआधीची दोन वर्षं तुमची गाडी ५०० पीपीएम (दहा लाखांत पाचशे भाग) गंधकाच्या बीएस-२ पेट्रोलवर चालली असेल, आणि गंधकाने कन्व्हर्टर थकतो.

उद्या पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), असा कोड आला तर तेव्हाही लगेच सेन्सरवर बोट ठेवू नका. इनटेकचा फाटका रबरी पाइप किंवा सेन्सरच्या आधी गळणारा सायलेन्सर जॉइंट बघा. शिवाय आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्याच्या उसाला त्यात भाव आहे, पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या गाडीला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं, आणि आधीच काठावर असलेली गाडी तेवढ्याने कोड देते.

आणि आटे गेलेच तर घाबरू नका. १८ गुणिले १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून बहुतेक वेळा भागतं. नाहीतर पाइप उतरवून अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे न्या. नवीन बुश वेल्ड करून देतात. जाताना जुना सेन्सर बरोबर ठेवा, नाहीतर माप आणायला परत घरी यावं लागतं.