जीडॅल आणि नकाशांची मानकं पाऊण तासात कशी मांडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि मोजणीच्या कामातली काही मंडळी अशा मिश्र श्रोत्यांपुढे जीडॅल ही नकाशांच्या वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली वाचणारी आणि बदलून देणारी ओपन सोर्स लायब्ररी मांडायची आहे. नकाशांच्या डेटाची मानकं ठरवणारी संस्था म्हणजे ओजीसी; तिची मानकं त्यात रटाळ न होता कशी आणावीत?

मी हा विषय नागपुरातच तीन-चार वेळा मांडला आहे. पहिल्या वेळी इतिहासापासून सुरुवात केली. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली काम सुरू केलं, ओजीसी १९९४ ची, आणि त्यापुढे डब्ल्यूएमएस, डब्ल्यूएफएस, जीएमएल अशी आद्याक्षरांची रांग. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर मोबाइल निघाले. सांगितलेलं सगळं खरं होतं, पण ते माहीत नसेल तर काय अडतं, हे मी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून आधी गोंधळ दाखवतो, मग तो मिटवणारा करार, आणि लायब्ररी सगळ्यात शेवटी.

गोंधळ आपल्या गावचाच घ्या. झिरो माइलचा बिंदू क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका: अक्षांश २१.१५, रेखांश ७९.०८. मग हेच दोन आकडे उलटे करून पुन्हा टाका. नागपूर थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डच्या बेटांपाशी जाऊन पडतं. सभागृह हसतं. तो हशा ओसरायच्या आत विचारा, “दोन आकड्यांतला पहिला कोणता, हे ठरवलं कुणी?”

इथे तुमचं खरं व्याख्यान सुरू होतं, कारण उत्तर एक नाही. जिओजेसन या फाइल-प्रकाराच्या २०१६ च्या विनिर्देशात रेखांश आधी येतो. ईपीएसजी ४३२६ हा जीपीएसच्या अक्षांश-रेखांश पद्धतीचा क्रमांक; त्याच्या मूळ व्याख्येत अक्षांश आधी. सर्व्हरकडून नकाशाचं चित्र मागवायच्या डब्ल्यूएमएस या मानकाच्या १.१.१ आवृत्तीत हव्या त्या भागाच्या चौकटीचे कोपरे रेखांश-अक्षांश असे द्यायचे, १.३.० मध्ये मूळ व्याख्येचा क्रम पाळायचा, म्हणजे ४३२६ साठी अक्षांश आधी. मी एकदा जुन्या स्क्रिप्टमध्ये फक्त आवृत्तीचा आकडा बदलला आणि कोपरे तसेच ठेवले. सर्व्हरने मागितलेल्या जागेचा नकाशा इमानाने पाठवला, तोही पूर्ण कोरा. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. दोन दिवस मी नेटवर्कमध्ये दोष शोधत होतो. हा किस्सा मी दर वेळी सांगतो, कारण मानक म्हणजे दोन अनोळखी यंत्रांमधला करार असतो आणि तो न वाचता सही केली की काय होतं, ते यात दिसतं.

आता जीडॅल आणा. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून ही लायब्ररी अक्षांचा, म्हणजे या दोन आकड्यांचा, क्रम मूळ व्याख्येप्रमाणे पाळते. त्या वेळी अनेकांचे जुने प्रोग्रॅम उलटे चालू लागले, म्हणून जुना क्रम हवा असेल तर तसं स्पष्ट सांगायची सोय ठेवली आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. थोडा त्रास झाला, पण क्रम आता गृहीत धरावा लागत नाही.

मोजणीतल्या मंडळींसाठी दुसरा प्रयोग ठेवा; तो जास्त रंगतो. गावांची यादी असलेला थर (नकाशावरच्या एका विषयाचा डेटा) युटीएफ-८ या अक्षरसंकेतात, शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात साठवा आणि एका स्तंभाला ‘तालुका’ असं नाव द्या. फाइल पुन्हा उघडली की उरतं फक्त ‘ताल’. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, तीन बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हांत मराठी संपली! नव्वदच्या दशकातल्या या साच्यात आपण आजही गावंच्या गावं कोंबतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लगेच तोच मूळ थर जीडॅलच्या ओजीआर-टू-ओजीआर या एका आज्ञेने जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात उतरवून दाखवा. ‘तालुका’ पूर्ण राहतो, आणि चार-पाच फाइलींच्या जागी एकच फाइल. जिओपॅकेज हे ओजीसीचं मानक आहे आणि आतून साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

वेळ उरला तर जुना टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा, घ्या. नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये येतं. एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेला तो नकाशा जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या मापाचा समजून उपग्रहचित्रावर ठेवला, तर रस्ते शंभर मीटरहून जास्त सरकलेले दिसतात. जीडॅल एका मापातून दुसऱ्या मापात नेण्याचं हे रूपांतर प्रोज या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेते, हेही तेव्हाच सांगून टाका.

परवान्यावर एक वाक्य बास: एमआयटी धर्तीचा आहे, लायब्ररी व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्येही वापरता येते. आधार असलेल्या फाइल-प्रकारांची यादी मात्र वाचू नका. आज्ञा देऊन ती पडद्यावर फक्त धावू द्या, ती संपता संपत नाही.

सगळा डेटा आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. सभागृहातल्या वायफायवर डब्ल्यूएमएसचं प्रात्यक्षिक अवलंबून ठेवू नका. आधी काढलेला कोरा आणि भरलेला असे दोन्ही नकाशे जवळ असू द्या.

आणि एका प्रश्नाची तयारी करून जा. अमरावतीकडचं कुणीतरी हमखास विचारतं, “सर, आमचा थर तुमच्या नागपूरच्या थरावर का बसत नाही?” ७८ अंश रेखांशाची रेघ या दोन शहरांच्या मधून जाते. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजण्याची पद्धत; तिच्या हिशेबात अमरावती ४३ व्या पट्ट्यात येते आणि नागपूर ४४ व्या. दोन थर बाजूबाजूला उघडा आणि जीडॅलकडून अमरावतीचा थर ४४ व्या पट्ट्यात आणून त्यांच्यासमोरच जुळवून दाखवा.