आधी एका दगडावर बसायला शिक

भावा, जंगलात फिरायला शिकायचंय ना, मग चाकू-दोरी नंतर घे. महिनाभर रोज सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर एकाच दगडावर 20 मिनिटं गप्प बस. सातभाई पक्ष्यांचा कलकलाट एकदम वाढला की समज, झुडपात मांजर, मुंगूस नाहीतर साप आहे. कान असे तयार झाले की मगच वासोटा किल्ला. ते कोयना अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी काढूनच बामणोलीहून लाँचनं जायचं. तिथं वानर खाकरल्यासारखं ओरडलं तर थांब, ते कुठं बघतंय ते बघ. पाचोळ्यात हात घालू नकोस, आधी काठीनं चाळव. त्यात फुरसं असू शकतं, विषारी साप, जेमतेम हातभर, मातीच्या रंगाचा. डिवचलं की अंगावरचे खवले घासून खरखर वाजवतं. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. आणि एकटा जाऊ नकोस, हात जोडून सांगतो.