रिपोर्ट नॉर्मल आला आणि ताई रडायला लागल्या

"मॅडम, कॉर्टिसॉल कमी करायला काय घ्यायचं?"

हल्ली हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. पूर्वी माणसं "टेन्शन आलंय" म्हणत यायची, आता थेट ताणाच्या हार्मोनचं नाव घेऊन येतात. पोट सुटलं, चेहरा सुजल्यासारखा वाटतो, रात्री तीनला जाग येते. सगळ्याचं खापर कॉर्टिसॉलवर. ठाण्याच्या एका ताईंची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ४८ वर्षांच्या, शाळेच्या ऑफिसात नोकरी. घरी ऐंशी पार केलेल्या सासूबाई, त्यांना स्मृतिभ्रंश. रात्री त्या उठतात, कडी काढून "माझ्या घरी जाते" म्हणत जिन्यात उभ्या राहतात. म्हणून ताई त्यांच्याच खोलीत झोपायच्या. झोपायच्या म्हणजे आडव्या व्हायच्या; कान कडीकडेच.

त्या आल्या त्या फाईल घेऊनच. हेल्थ पॅकेजमध्ये सकाळी साडेआठला रक्त दिलेलं. कॉर्टिसॉल २२.६, त्या लॅबची मर्यादा ६.२ ते १९.४, म्हणून आकडा लाल शाईत. उपाशीपोटीची साखर ११२. मग रील्स पाहून अश्वगंधाच्या गोळ्या सुरू केलेल्या, शिवाय संत्र्याचा रस, नारळपाणी आणि मीठ यांचं कॉर्टिसॉल उतरवणारं म्हणून गाजलेलं पेय, रोज रात्री. साखर काठावर असताना रात्री ग्लासभर फळांचा रस! पण त्या दिवशी मी त्यावर काही बोलले नाही.

आकड्याबद्दल मात्र बोलले. कॉर्टिसॉल सकाळीच सर्वांत जास्त असतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आणखी उसळतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळी नगरपालिकेचं पाणी जोरात येतं, त्या वेळी नळ मोजून पाइप फुटणार म्हणण्यातला हा प्रकार. त्यात सुईची धास्ती, रात्रीची अर्धवट झोप आणि रिक्षा मिळत नाही म्हणून लॅबपर्यंत केलेली धावपळ. एकट्या सकाळच्या आकड्यावरून कॉर्टिसॉल वाढल्याचा आजार ठरवत नाहीत.

तसा आजार असतो, हेही सांगितलं. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेला, म्हणून कुशिंग सिंड्रोम. पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नसणं ही त्याची ठळक लक्षणं. आणि त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण ताण नव्हे, बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या आणि गोरं करणारी मलमं यांची चौकशी मी म्हणूनच करते. ज्यांना डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलंय त्यांनी मात्र हे वाचून ते परस्पर बंद करू नये, ते धोक्याचं असतं.

मी समुपदेशक, डॉक्टर नाही. त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी अश्वगंधा थांबवायला सांगितली, कारण ती क्वचित यकृताला त्रास देते आणि थायरॉइडच्या आकड्यांतही ढवळाढवळ करते. पाळी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं पाहिलं. शंका राहू नये म्हणून रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी आठला रक्त तपासलं. अशा वेळी कॉर्टिसॉल १.८ च्या खाली दबलं तर यंत्रणा ठीक. ताईंचं १.१ आलं.

पुढच्या भेटीत मला वाटलं होतं, त्या खुशीत येतील. त्या खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यांना मी तो लाल आकडा दाखवला होता. त्या आठवड्यात ह्यांनी दोनदा चहा करून दिला. आता काय दाखवू?"

कॉर्टिसॉलच्या आठ-दहा रिपोर्टपेक्षा हे एक वाक्य मला जास्त सांगून गेलं. "मी थकले" म्हणायची सोय आपल्या घरांत बाईला नसते. घरात एक रुग्ण आधीच असतो, दुसऱ्याला जागा नसते. आजाराचं नाव मिळालं तर विश्रांती मागता येते. त्या लाल आकड्याला त्या घाबरल्या होत्या हे खरं, पण तोच त्यांचा रजेचा अर्जही होता.

"तुम्हाला काही झालेलं नाही असं रिपोर्ट म्हणत नाही," मी म्हटलं. "ग्रंथी ठीक आहेत, एवढंच म्हणतो." मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी थकून जातात असं रील्समध्ये सांगतात, तसा आजार अंतःस्रावतज्ज्ञ मानत नाहीत. त्या ग्रंथी मेंदूचा निरोप आला की काम करतात. कडी वाजली की आधी ॲड्रिनलिन, काही सेकंदांत छातीत धडधड. मग मेंदूतून निरोप निघतो, कॉर्टिसॉल येतं, यकृत रक्तात साखर सोडतं, आणि पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला "आता थांबव" असं कळवतं. थांबवायची सोय शरीरातच आहे. पण निरोप रात्रीतून चारदा येत असेल, वर्षानुवर्षं, तर त्याची किंमत रक्तदाब, साखर आणि झोप या खात्यांतून वसूल होते.

ताईंच्या मनगटावर कुकरच्या वाफेनं भाजल्याची जखम होती, बरेच दिवस भरत नव्हती. त्यावरून मला १९९५ चा अमेरिकेतल्या ओहायोतला प्रयोग आठवला. स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ताईंच्या एका मनगटावरून काही सिद्ध होत नाही, त्यांची साखरही काठावर होती. पण हा प्रयोग ऐकून त्या पहिल्यांदा सरळ बसल्या. "म्हणजे हे खरं असतं."

पुढचं काम ताईंवर करायचं नव्हतंच. यजमान आणि नाशिकचे दीर, दोघांना बोलावलं. दीर फोनवरच आले. यजमान म्हणाले, "मला एकदा झोप लागली की काही ऐकू येत नाही हो." नवऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर उपाय तयारच असतो: दार उघडलं की वाजणारी बेल, ऑनलाइन स्वस्तात मिळते. ती कडीपाशी लावली. एक दिवसाआड सासूबाईंच्या खोलीत यजमान झोपतील असं ठरलं, आणि त्या रात्री ताई दुसऱ्या खोलीत, दार लावून. दिरांनी दुपारच्या ब्यूरोच्या बाईंचा पगार द्यायचा.

याला सर्वांत जास्त विरोध ताईंचाच. "त्यांना माझ्याच हाताची सवय आहे. लोक काय म्हणतील?" त्यावर आम्ही बऱ्याच भेटी घालवल्या. दार लावून झोपल्यावरही सुरुवातीला त्यांना तीनला जाग यायचीच. मग ती जाग अधूनमधूनच यायला लागली. फिजिशियनच्या सांगण्यावरून रस बंद झाला, संध्याकाळचं चालणं सुरू झालं, काही महिन्यांनी साखर १०३ आली. ती चालण्यानं, रस सोडल्यानं की झोपेनं, ते वेगळं काढता येणार नाही, आणि मी त्याचं श्रेय घेत नाही. कॉर्टिसॉल पुन्हा तपासू का, असं त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं.

दीर पगार उशिरा पाठवतात. सासूबाईंचा आजार वाढतोय, आता त्या मुलालाही कधीकधी ओळखत नाहीत, त्यामुळे रात्रपाळीची वाटणी पुन्हा बसवावी लागणार आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात तिघांनाही बोलावलंय. या वेळी दिरांना प्रत्यक्ष.