सगळ्यांना कामे वाटून द्या, पण एक माणूस मोकळा ठेवा

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यापाशी मी थांबले. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचे नियोजन तुमच्याकडे आले आहे, कार्यक्रम यशस्वी होण्यासाठी कोणती कौशल्ये लागतात असे तुम्ही विचारले आहे आणि पुढे समाधानाने लिहिले आहे की, "३२ कार्यकर्त्यांना कामे वाटून झाली आहेत, एकही माणूस रिकामा ठेवलेला नाही." नेमकी हीच चूक आहे. याच मुद्द्यावरून आमच्या घरात गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये सांगलीत आमच्या शाळेचा मेळावा होता. ७०० माजी विद्यार्थी, दुपारी जेवण, साडेपाचला गुरुजनांचा सत्कार आणि त्यानंतर नाट्यसंगीताची मैफल. ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या गावातील श्रोते नाट्यसंगीताच्या बाबतीत कोणाला सवलत देत नाहीत, त्यामुळे मैफलीत काही उणे राहू नये याची मला सर्वाधिक काळजी होती. माझे मोठे दीरही त्याच शाळेचे. समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आणि नियोजन माझ्याकडे होते. शेवटच्या बैठकीत मी कामांची यादी वाचून दाखवली आणि सांगितले की, आमच्या वर्गातील एका मित्राला मी कोणतेही काम देणार नाही. हा मित्र एस.टी.मधून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला होता. भाऊजी सर्वांसमोर म्हणाले, "वाढपी कमी पडत असताना एक धडधाकट माणूस बसवून ठेवायचा, हे कसले नियोजन?" मी म्हटले, "भाऊजी, तो बसून राहणार नाही, मोकळा राहणार आहे." सभा हसली आणि विषय तेथेच संपला, पण मी यादी बदलली नाही.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी पावणेचार वाजता टेम्पोतून वाद्ये उतरवत असताना लोखंडी खुर्च्यांचा एक थर सरकला आणि गायिकेच्या दोन तानपुऱ्यांपैकी एकाचा भोपळा फुटला. गवसणी काढली तेव्हा तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरील लाकडी झाकणाच्या कडेपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर दिसली. पुढची दहा मिनिटे तेथे जे झाले ते मी विसरणार नाही. मंडपवाला, वाहतुकीची जबाबदारी असलेला कार्यकर्ता आणि रंगमंच सांभाळणारे दोघे असे सगळे तानपुऱ्याभोवती उभे राहून खुर्च्या कोणी रचल्या यावर भांडत होते. ती वाईट माणसे नव्हती. प्रत्येकाकडे एकेक काम दिलेले होते आणि आपल्या कामात चूक झाली नाही हे सिद्ध करणे प्रत्येकाला गरजेचे वाटत होते. ज्याच्याकडे कोणतेच काम नव्हते, त्या आमच्या मित्राने मात्र चूक कोणाची हे विचारलेच नाही. तो थेट गायिकेकडे गेला, झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला आणि विचारले, "ताई, पट्टी कोणती?" काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा आपला सा, असे त्यांनी सांगितले. मग त्याने मिरजेला फोन लावला. नवा तानपुरा नको, वापरातला आणि तारा बसलेला हवा, असे त्याने बजावले, कारण नव्या तारा पहिल्या दिवशी सारख्या उतरतात. हे त्याला कसे ठाऊक, तर सकाळी तबलजींना चहा देताना त्याने विचारून घेतले होते आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराचा क्रमांकही वहीत टिपून ठेवला होता. चार वाजता तो मोटार घेऊन निघाला आणि पाच वाजून दहा मिनिटांनी मागच्या सीटवर दोन उशांमध्ये आडवा ठेवलेला तानपुरा घेऊन परत आला. साडेपाचला सत्कार सुरू झाले, आत गायिकेने दोन्ही तानपुरे जुळवले, आणि सभागृहातील ७०० माणसांपैकी कोणालाही काही कळले नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दिवाळीला भाऊजी फराळ करताना म्हणाले, "मिरज जवळ होते म्हणून तुम्ही नशिबाने वाचलात." मिरज जवळ होते हे खरे आहे, पण ते त्या दिवशी सगळ्यांनाच जवळ होते, तरी गाडीत बसून तेथे जाण्याइतका मोकळा एकच माणूस होता. भ्रमणध्वनीवर तानपुरा लावून भागले असते, असेही ते म्हणतात. आवाज निघाला असता हे मला मान्य आहे. परंतु गायिकेने दोन तानपुरे मागितले होते आणि आम्ही होकार दिला होता, तेव्हा भागवून नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता कौशल्यांविषयी. वेळेचा हिशेब शेवटाकडून करता आला पाहिजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, शासनाने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. कार्यक्रम मैदानावर असेल तर दहापासून मागे मोजत या. मैफलीला दोन तास, त्याआधी ध्वनिव्यवस्था जुळवायला वीस मिनिटे, आणि जे उरेल तेवढ्यातच भाषणे. शाल, श्रीफळ, छायाचित्र आणि चार शब्द धरले तर एका सत्काराला दोन मिनिटे लागतात, म्हणजे २० सत्कारांना ४० मिनिटे. हा हिशेब न केल्यामुळे आपल्याकडे बाहेरगावाहून आलेल्या कलाकाराला "दोनच पदे म्हणा" असे सांगण्याची वेळ येते, आणि ते मला अपमानास्पद वाटते. पाहुणे पुण्याहून येणार असतील आणि गळीत हंगाम चालू असेल, तर महामार्गावरील पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांसाठी एक तास जादा धरा. सूत्रसंचालन, सजावट, निमंत्रणपत्रिका हे सगळे हवेच, पण त्याबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

खरे कौशल्य माणूस निवडण्याचे आहे. मोकळा माणूस म्हणजे उत्साही तरुण नव्हे. ज्याने आयुष्यभर बिघाड हाताळले आहेत, त्यालाच हे काम जमते. तासगाव रस्त्यावर बस बंद पडली की प्रवाशांची समजूत घालत दुसरी गाडी मिळवायची, हे आमच्या मित्राने आगारात वर्षानुवर्षे केले होते, त्यामुळे फुटलेल्या तानपुऱ्यापुढे तो गोंधळला नाही. अशी माणसे रुग्णालयातील परिचारिकांमध्ये सापडतात, महावितरणच्या लाइनमनमध्ये सापडतात, मोठ्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनांमध्येही सापडतात. समित्यांमध्ये त्यांना कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काही गोष्टी मात्र नमूद केल्या पाहिजेत. ५०-६० माणसांच्या घरगुती कार्यक्रमाला असा स्वतंत्र माणूस लागत नाही. वाढपी खरोखरच कमी असतील तर आधी वाढपी वाढवा. त्या दिवशी आमची तिसरी पंगत खोळंबली होती आणि त्याबाबतीत भाऊजींचे बरोबर होते. मोकळ्या माणसाकडे गाडीची किल्ली आणि कोणालाही न विचारता खर्च करता येतील असे रोख पैसे आधीच देऊन ठेवा. आमच्या मित्राने मिरजेच्या कारागिराला अनामत स्वतःच्या खिशातून दिली होती आणि ती रक्कम समितीकडून त्याला मिळायला दोन महिने लागले. ३२ जणांच्या यादीतून आजच एक नाव काढा, आणि त्या माणसाला हे समितीच्या बैठकीत सर्वांसमोर सांगा, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी त्याच्या हाती कोणी वाढायची बादली देणार नाही.