अर्धा दिवस मागायचा, पण पगारी

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. बिड्या वळून मुलीला बी.कॉम. केलं, अजूनही वळते. मुलगी अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं अकाउंट्स बघते. पगार २४ हजार. बाळ नऊ महिन्यांचं आहे. तिला आता थोडे तास आणि थोडं काम घरून हवंय. मालक म्हणाले, "मग घरूनच कर, जेवढं काम तेवढे पैसे देतो." ती खूश आहे, मी नाही. मी जन्मभर घरात बसून काम केलं. शिकून तिनंही तेच करायचं का?

ताई, कमी तास मागण्यात मुलीचं काहीच चुकलेलं नाही. तुमची भीतीही खरी आहे, फक्त ती घराला चिकटलीय आणि खोट आहे मालकांच्या शेवटच्या पाच शब्दांत.

"जेवढं काम तेवढे पैसे" म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? पानं भिजवा, कापा, सूप मांडीवर घेऊन बसा. त्या वेळेचा हिशेब कुणी धरत नाही. संध्याकाळी मोजल्या जातात त्या पास झालेल्या बिड्या. छाट निघाली तर ती तुमच्याच माथी. अकाउंट्समध्येही छाट असते. सुताच्या व्यापाऱ्याचं बिल आलेलं नसतं, तो फोन उचलत नाही, नेमकी २० तारखेला जीएसटीची साइट फिरत राहते. एका बिलापायी दुपार जाते आणि कागदावर काम दिसतं एका नोंदीचं.

शिवाय १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, म्हणून तुमच्यासारख्यांना कार्ड आणि पीएफ मिळाला. तुमच्या मुलीला मालकांनी हजेरीपटावरून काढून बिलावर पैसे दिले, तर तिच्या हातात तेवढंही राहणार नाही. बी.कॉम. होऊन आईपेक्षा एक पायरी खाली. माझा आक्षेप आहे तो इथे.

तिनं मागायची ती कमी तासांची पगारी नोकरी. आठऐवजी पाच तास, पगार त्या प्रमाणात १५ हजार, नाव हजेरीपटावर, पगारपत्रक दर महिन्याला. अर्धवेळ आहे म्हणून पीएफ बंद करता येत नाही. आणि पगार २१ हजारांच्या आत आला की ईएसआय, म्हणजे कामगार विमाही लागू होतो. मालक "अर्धवेळाला हे काही नसतं" म्हणतील, पुष्कळदा त्यांनाही खरंच तसं वाटत असतं. पीएफ कन्सल्टंटला विचारा म्हणावं.

आपल्याकडे खासगी नोकरीत कमी तास हक्कानं मागता येतील असा कायदा नाही. नेदरलँड्समध्ये तो २००० सालापासून आहे, आपल्याला मालकांना पटवावं लागतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तिच्यात रजेनंतर घरून काम करण्याची वाट आहे, पण तीही दोघांच्या संमतीनं. त्याच दुरुस्तीतलं पाळणाघर मात्र कुणाच्या मर्जीवर नाही. ५० किंवा जास्त माणसं कामावर असतील तर ते द्यावंच लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. शिवणकाम करणाऱ्या बायका धरून तिच्या कारखान्यात माणसं किती, हे तिलाच ठाऊक असेल, पगार तीच काढते. आकडा ५० किंवा जास्त असेल तर आधी पाळणाघराचं बोलावं. कदाचित तास कमी करायची वेळच येणार नाही.

मालकांना पटेल कसं? "बाळ लहान आहे" हे कारण ते दोनदा ऐकतील, तिसऱ्यांदा नाही. तिनं कामाचं कॅलेंडर घेऊन बसावं. टीडीएस ७ तारखेला, विक्रीचं रिटर्न ११ ला, पीएफ-ईएसआय १५ ला, जीएसटीचा भरणा २० ला. म्हणजे महिन्यातला जोर ५ ते २० मध्ये. त्या दिवसांत ती रोज कारखान्यात, उरलेल्या दिवसांत आठवड्याला दोनदा, बाकी नोंदी घरून. आणि युनिफॉर्मचा धंदा शाळा उघडेपर्यंतचा. एप्रिल ते मध्य जून पूर्ण वेळ येईन, पगारही पूर्ण घेईन, असं तिनं आपणहून सांगावं. सीझनला पाठ फिरवणार नाही हे कळलं की मालकाचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. अर्ज द्यायचा तो जूनच्या शेवटी. मेमध्ये ऑर्डरी अंगावर असताना हा विषय काढला तर उत्तर "नाही"च येणार.

जे ठरेल ते लेटरहेडवर, सहीनिशी : तास, दिवस, पगार, किती महिन्यांसाठी आणि पुन्हा पूर्ण वेळ कधी. शेवटचा मुद्दा लोक सोडतात आणि तोच महागात पडतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. सगळा पगार मूळ पगार मानला तर २४ हजारांवर सहा वर्षांचे साधारण ८३ हजार होतात. कमी तासांच्या १५ हजारांवर असतानाच तिनं राजीनामा दिला तर त्याच सहा वर्षांचे ५२ हजार. पूर्ण वेळ राबलेली वर्षंही अर्ध्या वेळेच्या भावानं मोजली जातात. म्हणून सोडायचंच झालं तर आधी पूर्ण पगारावर परत यायचं.

मालक अडून बसले तर चाटी गल्ली, नवी पेठेत पुष्कळ दुकानांना अकाउंटंट लागतो तो दोन-तीन तासांपुरताच. अशी तीन दुकानं धरली की पैसे सुटतात, पण पीएफ नाही, पगारी रजा नाही. ते धरून दर सांगावा, पहिल्याच दिवशी. नंतर दुकानदार वाढवत नाहीत.

पत्रात एक गोष्ट मात्र कुठेच नाही. ती पाच तास कारखान्यात असताना बाळ कुणाकडे? तुमच्याकडेच ना? मग तुमच्या बिड्या तेवढ्या कमी होणार, आठवड्याच्या हिशेबात ते दिसणार. ते पैसे मुलगी आणि जावई भरून देणार का, हे आधी घरात बसून बोला. मालकांशी बोलणं त्यानंतर.