ऑनलाइन नाणी घेताना: फसव्या विक्रेत्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले प्रश्न निरनिराळ्या देशांच्या नाण्यांबद्दल आहेत, पण तक्रार एकच आहे: फोटोत एक नाणं आणि पाकिटात दुसरंच. विचारणाऱ्यांतले बरेच जण या छंदात नवे आहेत. पहिल्याच मोठ्या खरेदीत हात पोळले की माणूस छंदच सोडून देतो, आणि मला ते अजिबात नकोय. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर देतो आहे.

प्रश्न: १८९३-एस मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) विकायला आहे. विक्रेता म्हणतो, 'आजोबांच्या पेटीत सापडलं, मला नाण्यांतलं काही कळत नाही.' फोटो चांगले आहेत, किंमतही बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. घ्यावं का?

आधी ते नाणं बाजूला ठेवा आणि त्या विक्रेत्याने आजवर काय काय विकलंय ते उघडून बघा. ज्याला खरंच काही कळत नाही, त्याच्याकडे आजोबांची पेटी एकदाच निघते. त्याच खात्यावर दुर्मीळ वर्षांची नाणी एकामागून एक विकली जात असतील आणि प्रत्येकाखाली तीच पेटी असेल, तर पुढे चौकशी करायचीही गरज नाही. चांगले शेरे किती आहेत यापेक्षा ते कशासाठी मिळालेत ते वाचा. मोबाइलची कव्हरं विकून शेरे गोळा करायचे आणि मग त्याच खात्यावर महागडी नाणी मांडायची, ही जुनी युक्ती आहे.

आता नाण्याबद्दल. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत हे डॉलर फक्त १,००,००० पाडले गेले. म्हणूनच त्याच सालच्या दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर 'एस' अक्षर चिकटवायचा उद्योग फार पूर्वीपासून चालतो. पण इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. खऱ्या १८९३-एस नाण्यांची दर्शनी बाजू एकाच ठशातून उतरली आहे, आणि त्या ठशावर एक बारीक ओरखडा होता. 'लिबर्टी' या शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्यावर तो तिरक्या, उठावदार रेघेसारखा दिसतो. विक्रेत्याकडे त्या अक्षराचा जवळून काढलेला फोटो मागा. नाणं फार झिजलेलं नसूनही रेघ नसेल, तर विषय संपला. रेघ असेल तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका. खऱ्या नाण्यावरून ठसा बनवून पाडलेल्या नकलांवर असे बारकावेसुद्धा उतरतात.

त्याच निरोपात आणखी दोन गोष्टी मागा. एक, दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. वापरून झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण २४ ग्रॅम किंवा २८ ग्रॅम भरण्याचं काहीच कारण नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करून काढलेला छोटा व्हिडिओ, त्यात कडही दिसली पाहिजे. ओतीव नकलेच्या कडेवर बरेचदा साच्याचा सांधा किंवा तो घासून काढल्याच्या खुणा दिसतात.

विक्रेत्याची परीक्षा या मागण्यांना तो काय उत्तर देतो त्यात होते. प्रामाणिक माणूस फोटो पाठवतो, नाहीतर सरळ सांगतो की माझ्याकडे काटा नाही, पण पटलं नाही तर परत घेईन. दुसरा माणूस चिडतो, नाहीतर घाई करतो: दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच ठरवा. अशा वेळी मी तरी नाणं सोडून देतो, ते खरं असण्याची शक्यता असली तरी.

प्रश्न: नाणं चुंबकाला चिकटलं नाही. म्हणजे चांदी खरी ना?

नाही. तांबं, पितळ, जस्त, शिसं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर नाणं चांदीचं नाही एवढंच चुंबक सांगतं.

त्यापुढची चाचणी पाण्याची. नाणं कोरडं असताना वजन करा, मग बारीक दोऱ्याने काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता पुन्हा करा. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं. मॉर्गन डॉलर ९० टक्के चांदीचा असतो, त्याचा आकडा १०.३ च्या आसपास यायला हवा. पितळेचा आकडा साडेआठच्या आसपास अडकतो. ही चाचणी घरी करता येते आणि नाण्याला इजा होत नाही. तेजाबाचा थेंब टाकून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डाग कायमचा राहतो आणि परताव्याचा हक्कही हातचा जातो.

चुंबक खरा उपयोगी पडतो तो १९४३ च्या अमेरिकन सेंटसाठी. युद्धामुळे त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले गेले, चुकून मोजकेच तांब्याच्या मिश्रधातूवर उतरले. तांब्याची म्हणून विकायला येतात ती बहुतेक पोलादी नाण्यांवर तांब्याचा थर दिलेली असतात आणि चुंबकाला टपकन चिकटतात. न चिकटणारं नाणं मिळालं तर भिंगातून ३ हा आकडा बघा, कारण १९४८ मधला ८ कोरून ३ केलेली नाणीही फिरतात.

सोन्याच्या बाबतीत मात्र धातू खरा असला तरी नाणं खोटं असू शकतं. विसाव्या शतकाच्या मध्यात बैरूतमध्ये ब्रिटिश सॉव्हरिनच्या नकला खऱ्या सोन्यात पाडल्या जात होत्या. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सगळं जुळतं. तिथे अक्षरांच्या कडा, काठालगतच्या दातऱ्यांचा नेटकेपणा आणि पृष्ठभागावरचे दाणे यांवरूनच फरक कळतो. नवख्याने सॉव्हरिन फक्त परतीची हमी देणाऱ्याकडून घ्यावा.

प्रश्न: नाणं पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीत आहे. क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर बरोबर निघाला. तरीही मन खात्री देत नाही.

तुमचं मन योग्य जागी अडलंय. डबीच नकली असते आणि तिच्यावर एखाद्या खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो, हे आता नवीन राहिलेलं नाही. क्रमांक बरोबर निघणारच, कारण तो खऱ्या डबीवरूनच उचललेला आहे.

पीसीजीएस आणि तिच्यासारखीच एनजीसी या दोन्ही कंपन्या बऱ्याच नाण्यांचे फोटो त्या क्रमांकाखाली ठेवतात. तो फोटो उघडा आणि आपलं नाणं शेजारी धरा. वर्ष, टांकसाळीचं अक्षर आणि ग्रेड जुळली एवढ्यावर थांबू नका. गालावरचा एखादा टोचा, मानेजवळची चीर, कडेला सुरू होणारा काळपट डाग अशा तीन-चार खुणा शोधा. कुठल्याही दोन नाण्यांवर ओरखडे सारखे नसतात. कंपनीकडे फोटो नसेल तर तोच क्रमांक जुन्या लिलावांच्या नोंदींत शोधा. डबीवरची अक्षरं, होलोग्राम आणि सांध्याची ठेवण त्याच काळातल्या दुसऱ्या खऱ्या डबीशी ताडून बघा.

डबी फोडून आत बघायचा मोह होईल. तो टाळा. डबी फोडली की तुमच्या तक्रारीत जीव राहत नाही.

प्रश्न: 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे न वापरलेलं, म्हणून घेतलं. नाणं लखलखीत आहे, पण जाणकार मित्र म्हणतो ते घासलेलं आहे. चमकणारं नाणं वाईट कसं?

न वापरलेल्या नाण्याची चमक धातूच्या अंगात असते. ठसा दाबताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि त्याच्या अतिबारीक रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं फिरवलं की प्रकाशाचे पट्टे मध्याभोवती गरगर फिरताना दिसतात. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं, पट्टा फिरत नाही. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेषा दिसल्या तर ते कापडाने घासलंय. तारेच्या ब्रशने यंत्रावर घासलं असेल तर सरकलेला धातू अक्षरांच्या एका बाजूला साचून बारीक वरंबा होतो. अक्षराची एक कड जाड आणि दुसरी पातळ दिसली की समजा. असा वरंबा टांकसाळीत कधीच तयार होत नाही.

इंद्रधनुषी रंगांचंही तसंच आहे. चांदीवर गंधकाच्या संयुगाचा पातळ थर बसतो आणि थर जाड होईल तसे रंग ठरावीक क्रमाने बदलतात: आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळा. हा क्रम सोडून अचानक गडद निळ्याचे ठिपके दिसले, किंवा घासल्याच्या रेषांवरूनच रंग चढलेला असला, तर तो कुणीतरी चढवलेला आहे.

विक्रेत्याला हे सगळं ठाऊक असतंच असं नाही, पण 'अनसर्क्युलेटेड' लिहून घासलेलं नाणं पाठवलं तर वर्णन चुकलंच. तक्रार त्याच मुद्द्यावर करा.

प्रश्न: बनावट नाणं आलं. विक्रेता गोड बोलतो, 'दोन आठवडे थांबा, आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे पाठवतो.' काय करू?

तक्रार मागे घेऊ नका. या एका वाक्यासाठीच मी हा प्रश्न निवडला. पेपालवर मागे घेऊन बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, आणि इतर ठिकाणीही बहुधा तसंच असतं. विक्रेत्याला ते चांगलं माहीत असतं. दोन आठवडे थांबायला सांगतो तेही मुदत उलटावी म्हणूनच. ईबेवर नाणं हाती आल्यापासून साधारण ३० दिवसांत तक्रार करावी लागते, पेपालवर पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडून ते परत मागण्याचा मार्ग वेगळा असतो, त्याची मुदत बँकेला आजच विचारा.

तक्रारीत 'तुम्ही चोर आहात' असं लिहू नका. निर्णय देणाऱ्याला नाण्यांतलं फारसं कळत नसतं, त्याच्या हातात मोजमाप द्या: वर्णनात हे वर्ष आणि ही चांदी लिहिली होती, खऱ्या नाण्याचं वजन इतकं असतं, हे इतकं भरलं, हा काट्यावरचा फोटो. जमलं तर एखाद्या जाणत्या नाणे-व्यापाऱ्याचा लेखी अभिप्राय जोडा. विक्रेत्याशी सगळं बोलणं त्या प्लॅटफॉर्मच्याच संदेशांत ठेवा. फोनवर दिलेलं वचन कुणाला दाखवणार?

नाणं परत पाठवायची वेळ आली की 'तुम्हीच नाणं बदललं' असा उलटा आरोप येतो. म्हणून पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि नाण्यावरच्या खास ओरखड्यांचे जवळचे फोटो आधीच हाताशी हवेत. परत पाठवताना नाणं, पॅकिंग आणि पत्ता एकाच अखंड व्हिडिओत घ्या, पार्सल ट्रॅकिंगचं आणि सही घेऊन पोचवणारं निवडा. पत्ता प्लॅटफॉर्मने दिलेलाच वापरा, विक्रेत्याने संदेशात कळवलेला दुसरा नाही.

अर्धे पैसे घेऊन मिटवा असंही सुचवलं जाईल. बनावट नाण्यासाठी अर्धे पैसे मोजायचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, साइटबाहेर थेट पैसे पाठवले तर सूट देतो. पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून पाठवा.

त्या मार्गाने दिलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं, सूट त्याचीच आहे. नको म्हणा.

प्रश्न: १७८० सालचा मारिया थेरेसा थेलर '१८ व्या शतकातलं मूळ नाणं' म्हणून घेतला. आता कळतंय की तो अलीकडचा आहे. मग नाणं खोटं का?

नाणं खोटं नाही, वर्णन खोटं आहे. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली आणि व्यापारात या नाण्याला एवढी मागणी होती की तेच साल कायम ठेवून ते पुढे व्हिएन्ना, लंडन, रोम अशा अनेक टांकसाळींत पाडलं गेलं. वजन २८.०७ ग्रॅम आणि चांदी ८३.३ टक्के हे अधिकृत पुनर्मुद्रणातही सांभाळलेलं असतं, म्हणून काटा इथे उत्तर देणार नाही. राणीच्या दागिन्यातल्या मोत्यांची संख्या, गरुडाच्या पिसांची ठेवण, कडेवरचा मजकूर अशा बारकाव्यांवरून जाणकार टांकसाळ आणि काळ ठरवतात.

इथे मी विक्रेत्याला एक संधी देईन. कित्येकांना १७८० हे साल खरंच १७८० चंच वाटतं. सभ्य भाषेत कळवा आणि परतावा मागा. तो मान्य झाला तर गोष्ट तिथेच मिटते. पण तेच वर्णन दुसऱ्या थेलरखाली पुन्हा दिसलं, तर तो अज्ञानी नव्हता.

प्रश्न: पैसे बुडाले आणि बनावट नाणं माझ्याकडेच राहिलं. 'खरं-खोटं माहीत नाही, जसं आहे तसं' असं लिहून विकलं तर चालेल का?

नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला फसवणाऱ्याने नेमकं हेच लिहिलं होतं. ईबेसारख्या ठिकाणी नकली नाणी मांडायला बंदी आहे, आणि अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या नकलेवर 'कॉपी' असं ठळक लिहिणं बंधनकारक आहे. तुमच्या देशातला नियम पाहून घ्या.

ते पाकिटात घाला, पाकिटावर 'बनावट' लिहा, खाली वजन, व्यास आणि कुठे काय चुकलंय ते नोंदवा. नवीन संग्राहकाला खऱ्या नाण्याशेजारी ठेवून दाखवायला याच्यासारखी वस्तू नाही. आणि ती जाहिरात रिपोर्ट करा, पैसे परत मिळाले असले तरीही. परत गेलेलं नाणं पुष्कळदा त्याच फोटोसह पुन्हा विक्रीला येतं. तसं दिसलं तर प्लॅटफॉर्मला आपल्या जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि त्या ओरखड्यांचे फोटो पाठवा.