टीव्हीवरचं कापड काढा, सर

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी गेवराई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवतो. वय ५२. दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून मोठा स्मार्ट टीव्ही आला. आमच्यात एक तरुण सर आहेत, ते सगळं जोडून देतात, ते रजेवर असले की टीव्ही बंद. प्रशिक्षणाला गेलो तर साधनव्यक्तींनी दोन दिवसांत पंधरा-सोळा ॲप दाखवले, वहीत सगळे लिहून आणले पण शाळेत आल्यावर एकही जमलं नाही. मागच्या महिन्यात सातवीच्या एका पोरानं माझ्या हातातनं रिमोट घेऊन टीव्ही चालू करून दिला. वर्ग हसला नाही, पण मलाच कसंतरी झालं. फळ्यावर मी चांगला शिकवतो हे मला माहितीय. आता ह्या वयात काय काय शिकू आणि कुठनं सुरू करू?

उत्तर: सर, आधी त्या पोराचं बोलू. त्याला टीव्हीचा कारभारी करा. चालू करायचा, वायर जोडायची, तास संपला की बंद करायचा, हे सगळं त्याच्याकडं आणि त्याच्या जोडीला एक पोरगी द्या, नाहीतर दरवेळी रिमोट पोरांच्याच हातात राहतो हे मी लई शाळांत बघितलंय. कसंतरी वाटून घेऊ नका. मला मोबाईलवरचं टीव्हीवर कसं दाखवायचं ते आठवीतल्या एका पोरीनं शिकवलं, तीनदा शिकवलं, आणि चौथ्यांदा मला जमलं तेव्हा तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. आमच्या टीव्हीवर उद्घाटनाच्या दिवशीचं कुंकू सहा महिने तसंच होतं, वरून जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर, धूळ बसू नये म्हणून. वस्तू जपायची आपल्याकडं सवयच असते, महागाची असली की जास्तच. तर पहिलं काम, कापड काढा.

दुसरं काम, वहीतले पंधरा ॲप राहू द्या. एकच घ्या, गूगल अर्थ. भूगोल शिकवणाऱ्याला ह्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. पण पहिल्याच दिवशी लेकरांना ते दाखवू नका. आधी त्यांना बाहेर अंगणात न्या, गटागटानं खडूनं गावाचा नकाशा काढायला लावा, आठवेल तसा, कुणालाही विचारायचं नाही. शाळा, मारुतीचं देऊळ, पार, पाण्याची टाकी, ओढा, रस्ता. मग वर्गात येऊन ॲपमध्ये गावाचं नाव टाका. पृथ्वीचा गोळा फिरत फिरत खाली येतो आणि आपलं गाव समोर, त्यावेळी वर्गात जो आवाज होतो ना तो ऐकायला तरी हे कराच.

माझ्या वर्गात काय झालं ते सांगते. पाचही गटांनी नकाशे चांगले काढले होते, पण ओढ्याच्या पलीकडची वस्ती एकाही नकाशात नव्हती. मुद्दाम नाही, लेकरांच्या डोक्यातच गाव ओढ्यापाशी संपत होतं. टीव्हीवर मात्र सगळे पत्रे सारखेच चमकत होते, अलीकडचे आणि पलीकडचे. त्या वस्तीवरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नसे, ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि एका पत्र्यावर बोट ठेवून म्हणाली, मॅडम हे आमचं, आणि ही बाभळ. वर्ग गप्प झाला. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हणलं चला बाहेर, नकाशे पूर्ण करू. त्या दिवशी नागरिकशास्त्राचा धडा मी वेगळा घेतलाच नाही.

मग लेकरं आपणहून पुढं जातात. आमच्यांनी शेततळी मोजली, वरून ती निळी-काळी चौकोनं म्हणून लगेच ओळखू येतात. मग कुणाच्या शेतात आहे, कुणाच्या नाही, ज्यांच्याकडं आहे त्यांचं पीक काय, हे घरी विचारून आले. घरी ई-पीक पाहणीचं, म्हणजे पिकाची सरकारी नोंद करायचं ॲप ह्याच लेकरांनी बापाच्या मोबाईलवर भरलेलं असतं, जमिनीचे गट नंबर त्यांना तोंडपाठ असतात, आपणच वर्गात ते विचारत नाही. एका पोरानं विचारलं, मी आता बाहेर जाऊन हात हलवला तर टीव्हीत दिसंन का? प्रश्न फार चांगला आहे. चित्र थेट नसतं, काही महिन्यांपूर्वीचं नाहीतर काही वर्षांपूर्वीचंही असतं, आणि ते कधीचं आहे हे ॲपमध्ये बघता येतं. चित्राची तारीख आधी बघायची ही सवय तिथंच लागते.

ह्याच ॲपमध्ये टाइमलॅप्स म्हणून सोय आहे, १९८४ पासून वर्षाला एक असं जमिनीचं चित्र. पैठणला जा आणि नाथसागर बघा, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. कधी पसरलेला, कधी आक्रसलेला, काठाला मातकट पट्टा. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींनी केलं, म्हणजे धरण बांधताना ह्यात दिसणार नाही, चित्रं त्याच्या नंतरची. आधीचं गाव कुठं होतं, कोण कुठं उठून गेलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं आणि ते विचारायला लावणं हे आपलं काम. मग केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण बघा. लातूर त्याच्यावर पाणी पितं. ते आटलं आणि एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणायची वेळ आली, पहिल्या गाडीत १० टँकर-डबे, साधारण ५ लाख लिटर. लेकरांना भागाकार करायला लावा, माणशी किती आलं, शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण पावणेचार लाखाच्या पुढं होती. उत्तर दीड लिटरच्याही आत येतं, आणि मग दुष्काळ ह्या शब्दाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. फक्त एक सांगायचं, टाइमलॅप्समधल्या जुन्या चित्रात एक ठिपका म्हणजे ३० मीटर असतो, त्यात घर शोधू नका, आणि वर्षभराची चित्रं मिसळून एक केलेलं असतं त्यामुळं उन्हाळा-पावसाळा वेगळा कळत नाही.

आता रेंज. मला माहितीय, शाळेत नेट नसतं आणि असलं तर लाईट नसते. मी काय करते, जिथं रेंज असते तिथं बसून मोबाईलच्याच स्क्रीन रेकॉर्डरनं सगळी फिरती रेकॉर्ड करते, पाच-सहा मिनिटांची, आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकून टीव्हीला लावते. नेट लागत नाही, वायर लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच, दीक्षा ॲपमध्ये आधी डाउनलोड करून ठेवता येतं. आणि एक, पाठातलाच मजकूर स्लाइडवर टाकून वाचून दाखवायचा असला तर त्यापेक्षा तुमचा फळा केव्हाही चांगला, सर. दिवाळीपर्यंत हे एकच ॲप हाताखाली येऊ द्या, मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न: मी औसा तालुक्यात शिक्षिका आहे. मुक्तिसंग्राम दिनाला सातवी-आठवीच्या मुलांना माहिती शोधून भाषण आणायला सांगितलं. बारा मुलांची भाषणं शब्दाला शब्द सारखी, मोबाईलवरच्या एआयकडून लिहून आणलेली. एका भाषणात तर मराठवाडा १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला असं होतं. मोबाईल द्यावा का नाही हेच कळेना झालंय.

उत्तर: ते एक वाक्य चुकलं हे बरं झालं म्हणा, कारण तोच धडा आहे. १५ ऑगस्टला आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली, म्हणजे देशाच्या १३ महिन्यांनंतर आपण सुटलो. ते भाषण फळ्यावर लिहा, पोराचं नाव न घेता, आणि वर्गाला सांगा ह्यातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक नाव पुस्तकातनं तपासा. मी स्वतः एआयला आमच्या गावातले स्वातंत्र्यसैनिक विचारले तर त्यानं आडनावासकट एक नाव दिलं, गावात त्या आडनावाचं घरच नाही. इतकं ठामपणे लिहिलेलं असतं की मोठ्या माणसालाही खरं वाटावं. म्हणून एआय बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्यानं सांगितलेलं वर्गात आणायचं तर पुरावा शेजारी ठेवूनच.

आणि ह्या विषयात मोबाईलचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आवाज रेकॉर्ड करणं. त्याला नेटही लागत नाही. ज्यांना १९४८ आठवतं ती माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, दरवर्षी त्यातली काही जातात, हे मी काळजीनं सांगतेय, पुढच्या वर्षी करू म्हणू नका. लेकरांना चांगले प्रश्न देऊन पाठवा. मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा आजोबा, असं विचारलं की आजोबा भाषणच देतात. त्या वर्षी तुम्ही कितीचे होता, रात्री कुठं झोपायचे, धान्य कुठं लपवलं, शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचे, असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. आधी परवानगी घ्यायची, नको म्हणाले तर बंद करायचं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी निघतात तेव्हा कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर काय बेतलं त्याच्याही निघतात. दोन्ही घरांतले आवाज वर्गात येऊ द्या आणि आजच्या कुठल्याही लेकराकडं वर्गानं बोट दाखवू नये हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. रेकॉर्डिंग आधी एकट्यानं पूर्ण ऐका, मगच टीव्हीला लावा.

तुम्ही औशाच्या, म्हणजे किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास झालेला भूकंप. ते आठवणारी माणसं तर तुमच्या मुलांचे आई-बापच आहेत. तिथूनच सुरुवात केली तरी चालेल, आधी त्यांचा आवाज ऐकवा आणि मग गूगल अर्थवर जुनं गावठाण आणि नवं वसवलेलं गाव शेजारी शेजारी बघा. सरळ रेषेतले रस्ते बघून मुलंच विचारतील, नवं गाव असं का आखलं.

प्रश्न: वडवणी तालुका. ताई, आमच्याकडं दसरा झाला की निम्मा वर्ग ऊसतोडीला. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, पण बरीच आई-बापाबरोबर जातात. ज्या वर्गात लेकरूच नाही तिथं हे डिजिटल काय कामाचं?

उत्तर: सर, तुमच्या पत्रानं मला रात्रभर झोप लागली नाही, कारण ह्या वर्गात मीही नऊ वर्षं काढलीत. पहिली गोष्ट वसतिगृहाची, ते वेळेवर सुरू व्हावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव गाड्या निघायच्या आधीच करून घ्या, मोबाईल त्याची जागा घेऊ शकत नाही. पण जे गेलेच आहेत त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज. बापाच्या मोबाईलवर, संध्याकाळी, कारण दिवसभर फोन फडात असतो. दोन मिनिटांच्या वर नाही, नेट पॅक संपतो. मी धडा पाठवत नसे, काम पाठवायचे. तुमच्या कारखान्याजवळ नदी कोणती, तिला आत्ता पाणी आहे का, रस्त्यात कोणती गावं लागली, तिथं ज्वारीची भाकरी खातात का, बोलताना कुठला शब्द वेगळा ऐकला.

इकडं वर्गात आम्ही महाराष्ट्राचा नकाशा उघडून त्यांच्या निरोपावरनं रस्ता ओढत होतो. बीड, मग नगर नाहीतर सोलापूरकडनं, कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, दोघं थेट बेळगावकडं. बेळगाववाल्यानं कन्नडमधले दहापर्यंत आकडे म्हणून पाठवले आणि वर्गानं ते पाठ केले. हजेरीत ती लेकरं गैरहजर होती, पण भूगोल आम्हाला त्यांनीच शिकवला त्या वर्षी.

एका मुलीनं कृष्णेकाठनं पाठवलेला मेसेज माझ्याकडं अजून आहे. मागं ट्रॅक्टरचा आवाज, लहान भाऊ रडतोय, आणि ती सांगतीय, मॅडम, इथं कालव्याला सारखं पाणी असतंय, माय तिथंच धुणं धुती, इथं टँकर येतच नाही. आणि मग थोडं थांबून, आपल्या बंधाऱ्यात पाणी हाय का आजून? मी दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन बंधाऱ्यावर गेले, फोटो काढला आणि तिला पाठवला. फेब्रुवारीचा महिना, मध्यभागी एवढंसं डबकं. तिनं उत्तर दिलं, मग आम्ही मार्चात नाही येत, पाऊस झाल्यावर येतो.

ते मेसेज तारीख टाकून एका फोल्डरमध्ये ठेवा, सर, बापाचा नंबर दरवर्षी बदलतो म्हणून गाडी निघायच्या आदल्या दिवशी मुकादमाकडनं नवा नंबर लिहून घ्या, आणि लेकरू परत आलं की पहिल्या तासाला त्याचाच आवाज टीव्हीवर लावून नकाशावर बोट ठेवायला त्यालाच पुढं बोलवा.